पावभर ज्वारी अन् दोन नळ्या

पंचेचाळीस वर्षं झाली मी चक्की चालवतो. पायलीचं दळण पाहिलं, पोत्याचं पाहिलं, लग्नघरचं बंडीभर पाहिलं. पण रोज पावभर ज्वारी घेऊन येणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला. आमचा रामधन.

पावभर ज्वारी म्हणजे काय, ते चक्कीवाल्याला विचारा. त्यातली मूठभर तर दगडच खाऊन टाकतो. आधीच्या बाईचा गहू त्या ज्वारीत मिसळतो, तिचं उरलेलं पुढच्या बाईच्या डब्यात जातं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "साहेब, हे दळण नोहे, चिमणीचा चारा होय. महिन्याचं एकदम आना." तर म्हणाला, "काका, जे निघेल ते द्या. माझी तक्रार नाही."

आमच्याकडं माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे उभे राहतात. बाया डबा लावतात अन् निंबाखालच्या बाकावर जाऊन बसतात. रामधनही आपली स्टीलची डबी दोन मोठ्या पिंपांच्या मधात ठेवायचा. मग पिशवीतून लाल रंगाचे दोन टोप काढायचा, कानावर बसणारे. नारळाच्या कवट्या कानाला बांधाव्यात तसे. मी इंजिनाला हँडल मारलं की हा ते टोप चढवून चक्कीच्या मागं जायचा, जिथं भिंतीतून धुराची नळी निघते, अन् डोळे मिटून उभा राहायचा. देवळात उभं राहावं तसा.

बाया पदरात तोंड घालून हसायच्या. मी पदर नसल्यानं उघडच हसायचो.

रामधन नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा. त्या तांड्यात पहिला मॅट्रिक झाला तो हाच. घाटंजीला शिकला, नागपूरला शिकला, मग खाली दक्षिणेत विमानाच्या इंजिनाची तपासणी करतात अशा जागी नोकरीला लागला. पुरी नोकरी तिथंच काढली. लग्न केलं नाही. आता रिटायर होऊन तांड्यावरच्या घरात एकटा राहतो. त्याची आई त्याच्या परत येण्याच्या वर्षभर आधी गेली. तांड्यात आईला याडी म्हणतात. ही बाई सगळ्या तांड्याचीच याडी होती, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणायचो.

ही याडी दर आठवड्याला माझ्या चक्कीवर यायची. जिभेची तिखट. पीठ जाड निघालं तर माझ्याच हातावर ओतून दाखवायची. एकदा निंबाखाली बायांनी तिला विचारलं, तुझा पोरगा तिकडं करते काय? याडी मोठ्या ठसक्यात म्हणाली, "माहा छोरा इमानाच्या मांगं उभा राह्यते."

मी दगडाजवळून ओरडलो, "काहून? धक्का माराले?"

सगळा निंब हसला. रामधनला त्या दिवसापासून गावानं 'धक्कामार' नाव ठेवलं. तो गावात नसताना. याडी हसली नाही. डबा उचलून गेली. पुढच्या आठवड्यात परत आली, पण पोराचं नाव तिनं माझ्या चक्कीवर पुन्हा कधी काढलं नाही. आता गंमत म्हटली की गंमत असते. मी कोणाची माफी मागत नसतो, तो माझा स्वभाव नाही.

तर हा धक्कामार गावात आला अन् त्याच्यासंगं त्याचं एक पालुपद आलं. "निवू द्या." कुठंही, कशातही. चहा दिला, निवू द्या. सरपंचाच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून दोन पार्ट्या बाह्या सरकवून उभ्या राहिल्या, तर हा मधातून म्हणतो, "निवू द्या. गरम असताना काहीच खरं दिसत नसतं." लोकांनी आधी त्यालाच बाहेर काढला. तासाभरानं थंड झाले तेव्हा टाकीची जागा ठरली, अन् ती त्यानंच आधी सांगितलेली निघाली. तरी कोणी कबूल केलं नाही. मीही बैठकीत होतो, मीही केलं नाही.

लग्नातही तेच. माझ्या पुतण्याच्या लग्नात डीजे लागला अन् हा पंगतीत लाल टोप घालून बसला. वाढप्यानं जिलबी पाहिजे का विचारलं, यानं ऐकलंच नाही. नवरीच्या मामाला वाटलं, पाहुणा रुसला. चार माणसं मनवायला आली. हा आपला डोळे मिटून वरण-भात खातो आहे.

सगळ्यात मोठा तमाशा झाला तो त्याच्या पेटीचा. एक दिवस तो डबीसोबत एक पेटी घेऊन आला. रेडिओएवढी, समोर आकडे दिसायची काच, अन् बाजूला दोन नळ्या. कामावर भंगारात काढलेलं यंत्र मागून आणलं अन् इथं येऊन दुरुस्ती पुरी केली म्हणे. तिच्यात एक बाटली होती. झाकण उघडलं तसा असा उग्र वास सुटला की निंबाखालच्या सुमनबाई ताडकन उठल्या. सुमनबाई म्हणजे दारूबंदीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी भले भले अड्डे मोडले आहेत.

"काय हाय बाटलीत?"

"एक प्रकारचं अल्कोहोल आहे ताई."

"सकाळी नवालेच? लाज नाई वाटत? तुमी पेता हे?"

"नाही ताई, मी नाही पीत. कणांना पाजतो."

"कोनाले?"

मग तो तिथंच मांडी घालून समजावू लागला. धुरात इतके बारीक कण असतात की दिव्याच्या उजेडातही सापडत नाहीत. पेटीत या बाटलीची वाफ असते. ती वाफ कणावर बसते, कण फुगतो, फुगला की उजेडात चमकतो, अन् पेटी त्याला मोजते.

सुमनबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पेऊन फुगते, अन् मंग साऱ्याईले दिसते."

"अगदी बरोबर."

"मंग आमच्या घरच्यात अन् त्याच्यात काय फरक हाय?"

निंब इतका हसला की पाखरं उडाली. पण बाटली फुटायची वाचली.

आता माझ्या इंजिनाबद्दल सांगतो. दहा घोड्यांचं डिझेल इंजिन आहे. वीज आली तरी मी मोटर लावली नाही. तीन फेजची लाइन कधी येते, कधी जाते. माझं इंजिन माझ्या हाताखाली आहे. पोरगा म्हणतो बाबा विकून टाका. मी म्हणतो मले इकून टाक आधी. ते इंजिन धूर सोडत नाही. पाहुणा आला की मी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा धुराच्या नळीसमोर धरून दाखवतो. दुपट्ट्यावर डाग पडत नाही. ही आमची परीक्षा. चवथी शिकलेला असलो तरी इंजिन मी पोटच्या पोरासारखं ठेवलं. दर शनिवारी तेल पाहायचं अन् वरून एक पळी जास्त घालायचं. तेलाला हात आखडणारा माणूस इंजिनाचा वैरी.

अन् बसणाऱ्यांचीही काळजी घेतली. पूर्वी बाक नळीच्या बाजूलाच होता. मीच तो उचलून दहा पावलं दूर निंबाच्या सावलीत नेला. सगळ्यांना सांगत असतो, लोकांसाठी बाक दूर नेणारा चक्कीवाला दाखवा अख्ख्या तालुक्यात.

रामधननं एक दिवस पेटी खाली ठेवली अन् मला म्हणाला, "काका, तुमच्या निंबाखालचं मोजू का?"

मी म्हटलं, "निंबाखालचं कायले? नळीतलं मोज. मर्द असशीन तं नळीतलं मोज."

तो बाजाराचा दिवस नव्हता तरी बाया जमल्या. आमची बुढी, माझी बायको शांता, चहाची किटली घेऊन आली. आधी मी दुपट्टा धरला. स्वच्छ. टाळ्या झाल्या. मग त्यानं नळ्या दाखवल्या. एका नळीभोवती तार गुंडाळलेली, ती तापते. तिच्यातून धूर गेला की ओलावा, तेलाचा थेंब, जे उडण्यासारखं आहे ते सगळं उडून जातं, उरते ती कोरडी काजळी. दुसरी नळी उघडी, तिच्यातून सगळंच जातं. दोन आकड्यांत जो फरक, तो उडणाऱ्या थेंबांचा. विमानाच्या मागं उभा राहून हा माणूस तो फरक मोजत होता.

"कांदे भाजल्यावानी झालं," शांता म्हणाली. "तव्यावर पानी शितडलं तं उडते, अन् कांदा राह्यते."

"तुले कोनं इचारलं?" मी म्हटलं.

इंजिनाच्या नळीच्या तोंडाशी त्यानं मोजलं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. फरकच नाही.

"पाह्य!" मी ओरडलो. "काय म्हटलं होतं? लिहून घे तुह्या वहीत!"

"निवू द्या काका."

अन् पेटी घेऊन तो मागं सरकू लागला. दोन पावलं. चार पावलं. तापलेल्या नळीचा आकडा उतरत होता, धूर हवेत पांगत होता. पण उघड्या नळीचा आकडा त्याच्यासंगं उतरेना. उलट चढायला लागला. बाकापाशी तो पोहोचला तेव्हा एक आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट झाला होता. बाया माना लांब करून पाहत होत्या. वाचता येत नव्हतं त्यांनाही समजत होतं, एक आकडा तीन जागांचा अन् दुसरा पाच जागांचा.

मी म्हटलं, "पेटी खराब हाय."

शांतानं हातातली किटली वर धरली. "अवो, आयका. किटलीच्या तोंडापाशी काई दिसत नाई. दोन बोटं म्होरं गेलं का मंगच वाफ दिसते. तसंच हाय हे."

रामधन तिच्याकडं असा पाहत राहिला जसा कोणी त्याला बक्षीस दिलं. "काकू, हे आम्हाला समजावून सांगायला मोठे मोठे कागद लागतात." मग माझ्याकडं वळला. "काका, इंजिन तेल किती पितं?"

मी बोलायच्या आधी शांता बोलली. "शनवारी पळीभर जास्त पाजते हे. मले भाजीत थेंब टाकू देत नाई, अन् इंजिनाले तूप पाजल्यावानी पाजते."

"तेच आहे. जास्तीचं तेल नीट जळत नाही. वाफ होऊन निघतं. गरम असताना ते थेंब नसतात, म्हणून नळीपाशी सापडत नाहीत. दहा पावलं जातं, निवतं, मग थेंब होतात. दुपट्ट्यात अडकत नाहीत, इतके बारीक. छातीत जातात."

बाकावर बसलेल्या दोघी उठल्या. मग तिसरी उठली. ती म्हातारी होती, तिला उठायला वेळ लागला. कोणी मला दोष दिला नाही. पण तो बाक मीच तिथं नेला होता, अन् ती पळीही माझीच होती.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "उद्यापासून तुमची पावभर ज्वारी इथं आनू नका. इमानाले धक्का मारनाऱ्यानं मले इंजिन शिकवू नये."

तो निवू द्या म्हणेल असं वाटलं. म्हणाला नाही. टोप पिशवीत टाकले, पेटी उचलली अन् नाल्याकडं चालू लागला. डबी रांगेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी हँडल मारलं अन् सहज मागं पाहिलं. कोणी नव्हतं. निंबाखालीही कोणी नव्हतं. बाया चक्कीच्या दुसऱ्या बाजूला उन्हात उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. एवढा निंब रिकामा अन् बाया उन्हात. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी शनिवार. मी पळी हातात घेतली अन् तशीच ठेवून दिली.

शांता म्हणाली, "त्या लेकरानं तुमचं काय चोरलं?"

"बासष्टीचा घोडा हाय थो."

"त्याची डबी तं देऊन या."

डबी परत द्यायला गेलतो. दुसऱ्या कशासाठी नाही.

दुपारची वेळ होती. रामधनचं दार उघडं होतं. घर झाडून-पुसून लख्ख. भिंतीला फळी, अन् फळीवर ओळीनं डबे, बरण्या, प्लास्टिकच्या पिशव्या. सगळ्यांत पीठ. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. काही पिठांत जाळी धरली होती. माझ्या चक्कीचं पीठ मी लांबूनही ओळखतो.

"हे काय, रामधन? हेही मोजतं काय?"

तो चुलीपाशी खिचडी ढवळत होता. लाजला. "नाही काका. ते नुसतं पीठ आहे."

"खात नाईस?"

"भाकर थापता येत नाही. चिरते. जुनं पीठ कोंबड्यांना टाकतो."

"मंग रोजचं दळतं कायले?"

त्यानं खिचडी उतरवली. झाकण ठेवलं.  मी म्हणणार होतो, बोल ना बाप्पा. पण मी खिचडी निवू दिली.

"दळण नसलं तर चक्कीवर कोणत्या नात्यानं बसू काका?" तो म्हणाला. "फोन केला की याडी तुमच्या चक्कीच्याच गोष्टी सांगायची. कोण आलं, कोण भांडलं, काकांनी पीठ जाड काढलं. मला इथली सगळी माणसं तिच्या तोंडून माहीत. अन् फोन ठेवताना रोज एकच. तू करतोस काय, ते नीट सांग रे, मले बायाईले सांगता येत नाई. मी म्हणायचो, सुट्टीत येतो, पेटीच आणून दाखवतो. तिला निंबाखाली बसवून दाखवायचं होतं. पेटी दुरुस्त व्हायला वेळ लागला."

मी फळीकडं पाहत राहिलो. तिला बायांना का सांगता येत नव्हतं, ते मला ठाऊक होतं.

"तिकडं तरी लोकाईले समजे काय, तू काय करतं ते?" मी विचारलं.

"नियमात काजळी मोजतात काका. इंजिनाच्या तोंडाशी. निवल्यावर मागं जे तयार होतं ते आम्ही मोजून वहीत लिहायचो. वही कपाटात जायची." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण आता नवीन पोरं फोन करतात. म्हणतात, सर, तुमच्या जुन्या वह्या पाहिजेत. विमानतळाच्या आजूबाजूला लोक राहतात ना. ते निवलेलंच श्वासात घेतात."

मला एक विचारायचं होतं.  "रामधन, याडीले खोकला होता. त्याच बाकावर बसे थे. माह्या इंजिनानं तं..."

त्यानं लगेच उत्तर दिलं. "त्याचा आकडा माझ्याकडं नाही काका. घरात चूल होती, वय होतं. जे मोजलं नाही ते मी बोलत नाही."

दुसरा कोणी सहज बोलून गेला असता. हो म्हणाला असता तरी मी काय करणार होतो, अन् नाही म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं दोन्ही केलं नाही. मी चवथी शिकलेला, पण त्या दिवशी मला कळलं की हा माणूस खरा कारागीर आहे.

मी डबी त्याच्यासमोर ठेवली. "उद्या नवाले ये. नळी छपराच्या वर न्यायची हाय. मले शिडीवर चढवत नाई. अन् पाच किलो ज्वारी आन. शांता भाकर शिकवते म्हने." शांता असं काही म्हणाली नव्हती. पण म्हणाली असती.

नळी आता छपराच्या वर पुरुषभर गेली आहे. तेल खुणेपर्यंत, पळी चुलीपाशी परत गेली, भाजीला तर्री आली. बाक मी अन् रामधननं उचलून चक्कीच्या पुढच्या अंगाला नेला, तिथं बोरीची सावली आहे. मग त्यानं पेटी लावली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, लहान. मी म्हटलं, "इंजिन तं पयलेपासूनच चांगलं होतं." तो म्हणाला, "होतंच काका." त्याची पहिली भाकर माझ्या इंजिनाच्या वॉशरसारखी निघाली, मधात भोक. आता बरी करतो. दळण महिन्यातून एकदा आणतो. येतो मात्र रोज, डबीशिवाय.

परवाची गोष्ट. मारेगावकडची एक पाहुणी बाई दळण घेऊन आली. बाकाच्या टोकाला लाल टोप घातलेला माणूस पाहून तिनं मला हळूच विचारलं, "हे कोन होय?"

सगळ्या बाया माझ्याकडं पाहू लागल्या. जुन्या होत्या त्यांना माझं जुनं उत्तर माहीत होतं.

मी हातावरचं पीठ झटकलं. "थो याडीचा पोरगा होय, रामधन. इमान उडते तेव्हा सारी दुनिया वर पाह्यते. हा मांगं उभा राह्यते. इमानाच्या मांगं हवेत जे राह्यते, गरम असते तवा दिसत नाई अन् निवलं का लोकाईच्या छातीत जाते, थे हा मोजते. जिंदगीभर थेच मोजलं त्यानं. कोनी सांगतलं नोहतं तरी."

पाहुणी म्हणाली, "बाप्पा! लई मोठं काम होय."

"मंग! आमच्या चक्कीवर लहान मानूस बसत नसते."

रामधन समोर पाहत होता. टोप कानावरच होते. मी म्हटलं बरं झालं, ऐकलं नसेल. तेवढ्यात त्यानं चष्मा काढला अन् सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसू लागला.

"काय झालं रामधन?" शांतानं विचारलं.

"धूर गेला काकू," तो म्हणाला.

इंजिन तेव्हा बंद होतं. नळी पुरुषभर वर होती. अन् पेटी घरी होती. त्याला ओळखतो तेव्हापासून न मोजता तो धुराबद्दल बोलला ते हे पहिल्यांदाच.

 निवू दिलं. मग हँडल उचललं अन् पुढचा डबा ओढला.